बोट थांबेल त्या पानाचं

"आधी थोडं सांगतो, मग लावतो," असं तो म्हणाला आणि पुढचा तासभर सांगत राहिला.

२०१९ चा ऑगस्ट होता. पाऊस किती दिवस लागून राहिलाय याची मोजदाद सुटली होती. कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या आमच्या घरी पुढच्या खोलीत आम्ही तिघं बसलो होतो: मी, माझा धाकटा भाऊ आणि त्याचा अमरावतीचा मित्र. मित्र शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. करत होता. मेसच्या जेवणाला कंटाळून दोन दिवस आईच्या हातचं खायला म्हणून आला आणि पावसानं अडकला. त्याच्या सॅकमध्ये कपड्यांचे दोन जोड होते आणि एक हार्ड डिस्क. त्या डिस्कवर 'फेट' या नावाखाली आलेलं जवळपास सगळं ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून, होतं.

त्यानं वहीचं पान फाडलं आणि रेघा ओढायला सुरुवात केली. आधी २००४ चा मूळ खेळ, 'फेट/स्टे नाइट'. तो खेळ म्हणजे पडद्यावर वाचायची कादंबरीच. तिच्यात तीन वाटा. एका वाटेनं जाणारी २००६ ची मालिका, दुसऱ्या वाटेची २०१४ ची, तिसरीवर तीन चित्रपट, त्यातला शेवटचा तेव्हा यायचा होता. मग या सगळ्याच्या दहा वर्षं आधी घडणारी, पण नंतर लिहिलेली 'फेट/झीरो', जी पडद्यावर आली २०११ मध्ये. मग एक निराळंच जग, 'अपॉक्रिफा'. मग फोनवरचा खेळ आणि त्याच्या फांद्या. पान भरलं तेव्हा त्यानं ते उलटं केलं.

मूळ कल्पना मात्र ऐकताक्षणी अंगावर काटा आणणारी. सात जादूगार. प्रत्येकजण इतिहासातून किंवा पुराणातून एकेक वीर बोलावतो. हे वीर एकमेकांशी लढतात आणि शेवटी उरेल त्या जोडीला हवं ते देणारं एक पात्र, म्हणजे प्याला, मिळतं. जादूगाराच्या हातावर तीन लाल खुणा असतात. एक खूण खर्च केली की वीराला अशी एक आज्ञा देता येते, जी त्याला मोडता येत नाही. लहानपणी आजीच्या मांडीवर महाभारत ऐकलेल्या कुठल्याही पोराला ही गोष्ट आवडणारच. मला आवडली, आजही आवडते. म्हणूनच पुढचं सगळं लिहितोय.

शेवटी एकदाचा त्यानं 'झीरो'चा पहिला भाग लावला. हा भाग पाऊण तासाहून थोडा मोठा आहे. त्यात एक प्रसंग आहे, जो ही मालिका बघितलेला माणूस विसरत नाही. किरेई नावाचा तरुण मध्ये उभा. त्याचा बाप आणि तोकिओमी नावाचा खानदानी जादूगार त्याच्याभोवती चालायला लागतात. गोल. चालता चालता सांगतात: हे युद्ध काय आहे, पात्र काय आहे, वीर कसे येतात, खुणा कुणाला उमटतात, कुठली घराणी यात आहेत. एक फेरी होते, दुसरी होते. कॅमेराही त्यांच्याबरोबर फिरतो. युफोटेबल हा उजेड-सावलीच्या कामासाठी नावाजलेला स्टुडिओ. एवढे कसबी हात, आणि त्यांना या प्रसंगात चितारायला काही घडतच नाही, म्हणून माणसांना चालतं ठेवलंय. किरेईला यातलं काय हवंय? काहीच नाही. तो ऐकून घेतो. ऐकायची गरज त्याला नसून मला आहे असं कुणीतरी ठरवलंय, आणि माझ्यापर्यंत पोचवायला त्याचा कान वापरलाय.

भावाला डुलकी लागली. मित्र दर दोन मिनिटांनी थांबवून आणखी सांगत होता, म्हणजे पडद्यावरचे दोघे आणि हा तिसरा.

तेवढ्यात आई स्वयंपाकघराच्या दारात आली आणि म्हणाली, "एक्केचाळीस झालं म्हणं. उठा."

ती एवढंच बोलली. भाऊ दचकून उठला आणि लॅपटॉपची वायर काढायला लागला. मी फ्रिजमागचं बटण बंद केलं. आण्णा जिन्याजवळ फोनवर कुणाला तरी विचारत होते, "राधानगरीचे किती उघडले?" आईनं पदर खोचला, तांदळाचा डबा कमरेवर घेतला आणि माळ्याकडं निघाली. मित्र मध्ये उभा राहून आमच्याकडं एकेक करून बघत होता. एक्केचाळीस म्हणजे फूट, हे कुणी बोललं नाही. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात, एकोणचाळीसला इशारा आणि त्रेचाळीसला धोका, हेही कुणी बोललं नाही. राधानगरीचे म्हणजे धरणाचे आपोआप उघडणारे सात दरवाजे, हे सांगायला कुणाला सवड नव्हती. कोल्हापुरात हे आकडे पाढ्यांसारखे पाठ असतात, ते कुणी कुणाला शिकवत नाही.

आमच्या पुढच्या खोलीच्या भिंतीवर कमरेएवढ्या उंचीवर एक तपकिरी रेघ आहे. २००५ च्या पुराची. नंतर दोनदा रंग काढला, पण तेवढा पट्टा आण्णांनी कधी पुसू दिला नाही. मित्राची नजर आईच्या हातातल्या डब्यावरून त्या रेघेवर गेली. ती रेघ तो आल्यापासून बघत होता, ओल आली असेल असं त्याला वाटत असावं. आता त्यानं तिच्याकडं दोन-तीन सेकंद बघितलं, मग पुढं होऊन आईच्या कमरेवरचा डबा काढून घेतला. "द्या काकू."

अर्ध्या तासानं आम्ही दोघं गॅसची टाकी जिन्यावरून वर चढवत होतो. आई खालून ओरडली, "त्रेचाळीसच्या आत मावशीकडं निघायचं हाय, लक्षात ठेवा." मित्रानं टाकी पायरीवर टेकवली आणि मला विचारलं, "भाऊ, त्रेचाळीसला काय होतं?"

मी दोन वाक्यांत सांगितलं. त्यानं मान हलवली आणि टाकी उचलली. इतकं नीट ऐकलेलं मी कुणाला बघितलं नाही. मघाशी एक तास तो मला सांगत होता तेव्हा मीही त्याचं असं ऐकलं नव्हतं, आणि त्याचं मला आज वाईट वाटतं. तो जीव तोडून सांगत होता. फक्त माझ्या हातात तेव्हा टाकी नव्हती.

त्या वर्षी पाणी पंचावन्न फुटांच्या वर गेलं. महामार्ग बंद, पेट्रोल नाही, टँकरपुढं घागरींच्या रांगा, हे सगळं तेव्हा बातम्यांतून सगळ्यांनी बघितलं. आम्ही राजारामपुरीत मावशीकडं होतो आणि वीज असेल तेव्हा 'झीरो' पुढं बघत होतो. घरी परतलो तेव्हा भिंतीवर नवी रेघ होती, जुनीच्या बरीच वर.

तेव्हापासून 'फेट'मधलं बरंच काही बघून झालं. आणि तेव्हापासूनच एक तक्रार मनात आहे. ती नीट मांडायला शब्द मिळत नव्हते, ते मला आमच्या दुकानात मिळाले.

गुजरीत आमचं सराफीचं छोटं दुकान आहे. कोल्हापुरी साज आमच्याकडं होतो. साजाला एकवीस पानं. दहा अवतारांची, आठ अष्टमंगलाची, एक माणकाचं, एक पाचूचं आणि शेवटचं डोरलं. एकेक पान नखापेक्षा थोडं मोठं, सोन्याच्या पातळ पत्र्यात लाख भरून केलेलं, मध्ये जवमणी ओवलेले. मासा, कासव, शंख, नाग, भुंगा, कमळ, चंद्र, बेलपान. एवढ्याशा दागिन्यात केवढं पुराण भरलंय याचा विचार केला तर आजही मला थक्क व्हायला होतं.

मी गल्ल्यावर नवीन बसायला लागलो तेव्हा वीस वर्षांचा होतो आणि मला एकवीसच्या एकवीस पानं अर्थासकट पाठ होती. पुण्याहून लग्नाचा बस्ता करायला आलेल्या एका बाईंसमोर आण्णांनी लाल मखमलीवर साज ठेवला आणि मी सुरू झालो. मत्स्य, कूर्म, वराह. बाई हो हो म्हणत होत्या. मी अष्टमंगलावर आलो तेव्हा त्यांनी वजन विचारलं, आणि थोड्या वेळानं "बघून येतो" म्हणून निघून गेल्या. आण्णा रागावले नाहीत. साज परत मखमलीवर नीट मांडत त्यांनी विचारलं, "त्यांचं बोट कुठं थांबलं होतं बघितलंस?"

मी बघितलं नव्हतं.

"भुंग्यावर. दोनदा फिरून तिथंच आलं. बोट थांबेल त्या पानाचं सांगायचं. बाकीची वीस तिथंच असत्यात, कुठं जात न्हाईत."

पुढं एकदा त्यांचं तसं करणं मी जवळून बघितलं. एक नवरी मुलगी आली होती, बरोबर आजी. आण्णांनी साज ठेवला आणि गप्प बसले. मुलीनं पानं एकेक करून सरकवली, कासवाशी थांबली, ते चिमटीत धरून पालथं केलं आणि पाठीमागचा भाग अंगठ्यानं चाचपला. "हे कासव का?" आण्णांनी समुद्रमंथन सांगितलं, मंदार पर्वत बुडायला लागला तेव्हा पाठ कुणी दिली ते सांगितलं. चार-पाच वाक्यं असतील. मुलीनं कासव सोडलं आणि बोट पुढं नेलं. "आणि हे?" तिनं एकेक करत नऊ पानं विचारली. एका बैठकीत नऊ. मी एकवीस सांगूनही जे पोचवू शकलो नव्हतो, ते नऊ प्रश्नांनी पोचलं.

माझी 'फेट'वरची तक्रार हीच आहे. माझं बोट कुठं थांबलंय हे तो बघत नाही.

असं का होतं याची कारणं मला आता थोडीफार समजतात. किनोको नासू यांनी लिहिलेला मूळ खेळ हा वाचायचा प्रकार. मागं एक स्थिर चित्र, त्यावर मजकूर, बटण दाबलं की पुढची ओळ. तिथं वाचणारा एकटा, स्वतःच्या वेगानं जाणारा. नायकाच्या मनातले विचार म्हणून पानंच्या पानं खुलासा आला तरी तो गोष्टीच्या अंगचाच वाटतो. 'झीरो' ही तर गेन उरोबुची यांची कादंबरीच होती. कागदावर डोळा धावतो, नको तिथं घसरतो, हवं तिथं मागं येतो. पडद्यावर तसं नाही. बोललेल्या प्रत्येक शब्दाला त्याचा वेळ द्यावाच लागतो, आणि मनातला विचार कुणाच्या तरी तोंडी घालावा लागतो. मग माणसं एकमेकांना आधीच माहीत असलेलं सांगत बसतात. लढाई ऐन रंगात आलेली असते आणि वार झेलणारा थांबून वाराचं नाव, कुळ आणि नियम बोलून दाखवतो.

दुसरं कारण भीतीचं आहे असं मला वाटतं. एवढे नियम असलेल्या जगाचे चाहते हिशेब ठेवतात. अमुक वीर तमुक वाटेवर असं करू शकला, मग इथं का नाही? त्या प्रश्नाला उत्तर तयार हवं म्हणून प्रत्येक डागाबरोबर, दागिन्याबरोबर म्हणा, पावती जोडून ठेवायची. पावती लागते, मी सराफाचा मुलगा आहे, मला विचारा. पण ती डाग पसंत पडल्यावर फाडतात.

बोलणं जास्त झालं की गोष्ट बिघडते, असं मात्र मी म्हणणार नाही. 'झीरो'चा अकरावा भाग जवळपास सगळा बोलण्याचा आहे, आणि तो मी पाच-सहा वेळा तरी बघितलाय. इस्कंदर, म्हणजे आपला सिकंदर, मद्याचं पिंप घेऊन वाड्यावर येतो. आर्थर राजा इथं बाईमाणूस आहे, ती समोर बसते. गिल्गामेश येतो, पिंपातलं तोंडात घेऊन नावं ठेवतो आणि स्वतःचं मद्य काढतो. तिघं राजे बसून बोलतात, राजा कशाला म्हणायचं. आर्थर म्हणते, माझं राज्य बुडालं, तो इतिहास मला बदलायचाय. सिकंदर आधी चकित होतो आणि मग तिला जे ऐकवतो, त्यानं तिचा चेहरा हळूहळू उतरत जातो. इथं एकही वाक्य माझ्यासाठी बोललेलं नाही. प्रत्येक वाक्य समोरच्याला लागावं म्हणून बोललेलं आहे, आणि ते लागतं. त्या तिघांचे इतिहास मला त्या रात्री जेवढे कळले, तेवढे गोल फेऱ्यांतून दहा भाग सांगूनही कळले नसते.

आणि मग कर्ण. 'अपॉक्रिफा' ही २०१७ ची मालिका, तीत लाल आणि काळी अशा दोन फळ्या. लाल फळीचा भालाईत कर्ण आहे. पांढरे केस, अंगात रुजलेलं सोनेरी कवच, कानात कुंडल. त्याच्याजवळ वासवी शक्ती आहे, आणि ती वापरायची तर कवच उतरवून द्यावं लागतं. मालिका हे सगळं समजावून देते. जपानी मुलाला द्यावंच लागणार. मला काहीच द्यावं लागलं नाही. तो पडद्यावर आला आणि माझ्या पोटात कालवलं. आमच्याकडं 'मृत्युंजय'च्या दोन प्रती आहेत, एक आण्णांची आणि एक आत्या लग्नात घेऊन गेलेली, नंतर परत आलेली. शिवाजी सावंत आमच्याच जिल्ह्यातले, आजऱ्याचे. त्या कादंबरीत कर्ण बोलतो, कुंती बोलते, वृषाली, दुर्योधन, शोण आणि शेवटी कृष्ण. प्रत्येकाला सांगितल्यावाचून राहवत नाही म्हणून तो सांगतो. कुंती तिचं गुपित वाचकाच्या सोयीसाठी उघडं करत नाही, ते तिला आतून जाळतंय म्हणून बोलते.

कर्णाची पहिली मोठी लढत होते ती काळ्या फळीच्या सीगफ्रीडशी. हा सीगफ्रीड मला अजिबात माहीत नव्हता. त्याच्या मालकानं त्याला बोलायची बंदी केलेली, ओळख पटू नये म्हणून. रात्रभर दोघं लढतात. एकाचे घाव दुसऱ्याला पुरते लागत नाहीत, दुसऱ्याचे पहिल्याला. पहाट होते. तेव्हा कुठं हा मुका योद्धा तोंड उघडतो आणि एवढंच म्हणतो की पुन्हा तुझ्याशी गाठ पडावी. माझं बोट तिथं थांबलं. एवढा बलदंड माणूस, नाव कळलं तर असं काय होणार आहे याचं? मी त्याच रात्री शोधून वाचलं. ड्रॅगनच्या रक्तात न्हाल्यावर त्याचं अंग अभेद्य झालं, फक्त पाठीवर झाडाचं एक पान चिकटलं होतं तेवढी जागा कोरडी राहिली. नाव कळलं की पाठ कळते. एक परकं पुराण मी पहाटे तीन वाजता स्वतःहून वाचत बसलो, कारण कुणीतरी मला त्याची भूक लावली होती.

पुढं 'लॉर्ड एल-मेलॉय दुसरा' या २०१९ च्या मालिकेत 'झीरो'मधला पोरगेला वेव्हर मोठा होऊन लंडनमध्ये जादूगारांचा मास्तर झालेला आहे आणि गुन्हे उलगडतो. तो म्हणतो, जादूगारांच्या गुन्ह्यात कुणी केला आणि कसा केला हे विचारून उपयोग नाही, का केला एवढंच विचारावं. वाक्य मला फार आवडलं. पण मालिका स्वतः 'कसा' यावरच तास घेते, आणि ज्या नियमावर उकल अवलंबून आहे तो नियम उकलीबरोबरच सांगते. वेव्हरवर माझा जीव आहे, म्हणून ते जास्त खुपलं.

कारण 'झीरो'च्या शेवटाजवळचा एक प्रसंग वेव्हरचा आहे. तीन लाल खुणा तो तिथं खर्च करतो, आणि त्या प्रसंगाचं सगळं वजन खुणांच्या नियमावर आहे. तीनच असतात, अनमोल असतात, हे आधी माहीत नसेल तर तो क्षण पोकळ जाईल, म्हणून तेवढा तरी खुलासा हवाच होता, असं मीही बरीच वर्षं धरून चाललो होतो.

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी दुपारी मी तो भाग परत लावला. आई शेजारी लसूण सोलत बसली होती. तिला जपानी कळत नाही आणि खालच्या इंग्रजी ओळी ती वाचत नाही. मागचा एकही भाग तिनं बघितला नव्हता. वेव्हर हात पुढं करून उभा राहिला. पहिल्या आज्ञेत त्यानं आपल्या वीराला सांगितलं की तू जिंकलाच पाहिजेस. एक खूण गेली. दुसऱ्या आज्ञेत ते पात्र मिळवायला सांगितलं. दुसरी गेली. तिसऱ्या आज्ञेत जग जिंकायला सांगितलं, आणि मुलाचा हात कोरा झाला.

आईचे हात थांबले होते.

"तिन्ही पुसल्या की रं," ती म्हणाली. "आता ह्या पोराकडं काय ऱ्हायलं?"

माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं, खुणा, वीरांचे सात वर्ग, तिन्ही घराणी. तेवढ्यात पडद्यावर त्या तांबड्या केसांच्या धिप्पाड राजानं पोराला घोड्यावर आपल्या पुढ्यात घेतलं.

"राजा कुठला ह्यो?"

"सिकंदर."

"शाळंच्या पुस्तकातला?"

"व्हय."

तिनं लसणाची परात बाजूला सरकवली. पुढच्या भागात तो पुलावरून एकटाच दौडत सुटला, तेव्हा मी तिच्याकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती.